शाळेत गुणी, घरी कोसळलेली

पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "तुमच्या मुलीबद्दल काहीच तक्रार नाही. शांत असते, सांगितलेलं ऐकते." तीच मुलगी घराचं दार लागल्या लागल्या दप्तर टाकते, मोज्याची शिवण टोचते म्हणून किंचाळते, आणि मग तासभर पांघरुणात तोंड खुपसून पडून राहते. कुणी हाक मारली तरी रडू फुटतं. ऐकणाऱ्याला वाटावं, शाळा आणि घर दोन वेगळ्या मुलींबद्दल बोलतायत. आईवडिलांना वाटतं, आपलेच लाड जास्त झाले, शिस्त कमी पडली. पण ऑटिझम (इतरांशी वागणं-बोलणं आणि आवाज-स्पर्श जाणवणं जन्मापासूनच वेगळं असणं) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणं) असलेल्या कितीतरी मुलींच्या बाबतीत ही दोन्ही वर्णनं खरी असतात. शाळेतल्या शहाणपणाची किंमत ती घरी येऊन मोजत असते. दिवसभर स्वतःला आवरून धरायला लागलेली ताकद दारापर्यंत पोचता पोचता संपते, आणि जिथे सुरक्षित वाटतं तिथे ती कोसळते.

म्हणून आपल्या मुलीत यातलं काही असेल अशी शंका आली, तर "तिला हे जमतं का?" एवढंच विचारून भागत नाही. हे जमवायला तिला काय काय करावं लागतं आणि जमवून झाल्यावर तिचं काय होतं, ते बघायला हवं. असेसमेंट, म्हणजे निदानासाठीची सविस्तर तपासणी, करणाऱ्या तज्ज्ञांना तिच्यासोबत फार तर काही तास मिळतात. त्या तासांत तिला काय जमतं ते दिसतं, त्यामागचा खर्च दिसत नाही. तो घरच्यांना दिसतो. तो नेमक्या तपशिलांसह तज्ज्ञांपर्यंत पोचवणं हे पालकांचं यातलं सगळ्यात मोठं काम आहे, आणि ते दुसरं कुणी करू शकत नाही.

मुली नजरेतून सुटतात याचं एक कारण इतिहासात आहे. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ऑटिझमचं जे वर्णन प्रसिद्ध केलं त्यात 11 मुलं होती, त्यांत आठ मुलगे. हान्स आस्पर्गर यांनी 1944 मध्ये तपशिलात मांडलेले चौघेही मुलगेच. त्याच्या कितीतरी आधी, 1925 मध्ये, ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी अशाच मुलांचं बारकाईने वर्णन केलं होतं आणि पुढे मुलींबद्दलही स्वतंत्रपणे लिहिलं होतं. ते काम अनेक दशकं दुर्लक्षित राहिलं. निकष आणि चाचण्या मुलग्यांवरून घडत गेल्या आणि चार मुलग्यांमागे एक मुलगी हे प्रमाण पाठ्यपुस्तकांत पक्कं बसलं. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर ते तिनास एकच्या जवळ निघालं. त्याच संशोधकांनी नोंदवलं की निकषांत बसणाऱ्या मुलींचं निदान होण्याची शक्यता मुलग्यांपेक्षा कमी राहते. एडीएचडीचंही तसंच. बाकावरून उड्या मारणारा मुलगा सगळ्यांच्या लक्षात येतो. खिडकीशी बसून फळ्याकडे बघत असलेली, पण मनाने तिथे नसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याबद्दल चिठ्ठीही येत नाही.

आता मुलींमध्ये हे दिसतं कसं? ऑटिझम म्हटलं की एकटं बसणारं, नजर न देणारं मूल डोळ्यांसमोर येतं. पण ही मुलगी घोळक्यात असते. जवळून पाहिलं तर कळतं की ती घोळक्याच्या कडेने फिरतेय. दुसऱ्या हसल्या की अर्ध्या क्षणाने हसतेय. बहुतेक वेळा एकच मैत्रीण असते, तिच्यावर सगळा भार, आणि ती मैत्रीण गैरहजर असेल तर मधली सुट्टी स्वच्छतागृहात नाहीतर ग्रंथालयात जाते. बोलण्याची ढब, केस मागे टाकायची लकब, ठरावीक वाक्यं एखाद्या मुलीकडून किंवा मालिकेतल्या पात्राकडून जशीच्या तशी उचललेली असतात. यालाच मास्किंग म्हणतात. यात लबाडी नाही. बाकीच्यांना आपसूक कळणारं ती पाठ करून वापरत असते.

आवडीनिवडींवरूनही फसगत होते. रेल्वेची वेळापत्रकं पाठ करणारा मुलगा लगेच ओळखू येतो. मांजरी, घोडे, एखादी नटी, एखादी पुस्तकमालिका हे विषय मात्र कुठल्याही मुलीचे असू शकतात. इथे विषय बघू नका, त्यातली ओढ किती ती बघा. बाकी सगळ्या गप्पा ती त्या विषयावर वळवते का? मध्येच थांबवलं तर खरोखर हलून जाते का? लहान वयातला भातुकलीचा खेळ आठवून पाहा. दोन तास घर मांडणं चालतं. प्रत्येक बाहुलीची जागा ठरलेली, भांडी आकाराप्रमाणे ओळीत. आणि मांडून झालं की खेळ संपतो. दुसऱ्या मुलीने बाहुली उचलून तिला बोलायला लावलं की भांडण, कारण मांडणी हाच खेळ होता. किंवा बाहुल्या बोलतात, पण रोज तेच संवाद, आणि दुसऱ्या मुलीने कधी काय म्हणायचं तेही हीच सांगते.

शरीराच्या तक्रारी बाजूला टाकू नका. कपड्याची लेबलं, केस विंचरणं, हात सुकवायच्या यंत्राचा आवाज, ट्यूबलाइटची थरथर. लघवीची भावना अगदी शेवटच्या क्षणी कळणं, भूक न कळणं, ताप असताना "मी बरी आहे" म्हणणं. वयात येताना यात पॅडचा स्पर्श आणि वास यांची भर पडते. त्याच सुमारास मुलींची मैत्री खेळातून गप्पांकडे, सूचक बोलण्याकडे, आतल्या-बाहेरच्या गटांकडे सरकते. पाठांतरावर चाललेलं इथे पुरेनासं होतं. "पाचवी-सहावीपर्यंत सगळं ठीक होतं हो, मग अचानक काय झालं" असं पालक म्हणतात ते याचमुळे. निदानाच्या निकषांतही याला जागा आहे : डीएसएम या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेच्या 2013 च्या पाचव्या आवृत्तीत (डीएसएम-5) स्पष्ट म्हटलंय की लक्षणं लहानपणापासून असायला हवीत, पण सामाजिक अपेक्षा कुवतीपलीकडे जाईपर्यंत ती पूर्ण दिसणार नाहीत किंवा पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातील, असं होऊ शकतं. "एवढी वर्षं नव्हतं, मग आता कुठून आलं?" असं कुणी म्हटलं तर हे लक्षात ठेवा.

एडीएचडी असलेल्या मुलीत अस्वस्थता बरेचदा आत असते. बाहेर दिसते ती अखंड बडबड, नखं कुरतडणं, केस गुंडाळणं. दहा मिनिटांच्या गृहपाठाला दोन तास लागतात. वही उघडून पाहा : एकच ओळ इतक्यांदा खोडलेली की कागदाला भोक पडलंय, पुढचं पान कोरं, आणि शेवटच्या पानावर सुंदर नक्षी. आवडीच्या कामात मात्र ती तीन तास मान वर करत नाही. त्यामुळे "मनात आणलं की करते" हा शिक्का बसतो, आणि हा शिक्का फार नुकसान करतो, कारण हळूहळू तिलाही तेच खरं वाटू लागतं. ऑटिझम आणि एडीएचडी एकाच मुलीत असणंही मुळीच दुर्मीळ नाही. 2013 च्या आधी डीएसएममध्ये दोन्ही निदानं एकत्र द्यायला परवानगी नव्हती. शिकताना तो नियम अंगवळणी पडलेले डॉक्टर अजूनही कधीकधी एकावर थांबतात.

वर सांगितलेलं एखादं-दुसरं लक्षण कुठल्याही मुलीत सापडेल, त्यावरून काही ठरत नाही. अनेक गोष्टी एकत्र, लहानपणापासून, आणि रोजच्या जगण्यात अडथळा येईल इतक्या प्रमाणात असतील तर पुढे जायचं. असेसमेंटच्या आधी बालरोगतज्ज्ञांकडून साध्या गोष्टी तपासून घ्या. कान, कारण कानात पाणी साठून येणारा कमी-जास्त बहिरेपणा दुर्लक्षासारखा दिसतो. डोळे. झोप, विशेषतः रोज घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं. रक्तात लोह आणि थायरॉइड. आणि एक विसरली जाणारी गोष्ट म्हणजे अॅब्सेन्स प्रकारच्या फिट्स : मुलगी बोलता बोलता वाक्याच्या मध्ये काही सेकंद थांबते, नजर स्थिर, हात लावला तरी भान येत नाही, आणि मग काही झालंच नाही अशी पुढे सुरू होते. दिवास्वप्नात हरवलेली मुलगी खांद्यावर हात ठेवला की भानावर येते. हा फरक घरीच लक्षात येऊ शकतो, आणि दिसला तर आधी मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा. घरातला ताण, छळ, एखादा धक्का यांनीही अशी लक्षणं दिसू शकतात. तो विषय तज्ज्ञांनी काढला तर अपमान मानू नका. चांगल्या असेसमेंटमध्ये तो निघायलाच हवा.

एका बाबतीत थांबायचं नाही. ती स्वतःला इजा करत असेल, मरणाबद्दल बोलत असेल किंवा खाणं झपाट्याने कमी होत असेल तर असेसमेंटची तारीख लांब असली तरी मानसोपचारतज्ज्ञांकडे ताबडतोब जा. अॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा आजार) असलेल्या मुली आणि स्त्रियांमध्ये ऑटिझमचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त आढळतं, त्यामुळे तिथेही हा प्रश्न आवर्जून विचारावा.

आता नोंदी. दोन ते चार आठवडे पुरतात. "आज खूप चिडचिड केली" या नोंदीतून तज्ज्ञांना काहीच मिळत नाही. अशी लिहा : "मंगळवार, सव्वापाच. शाळेत बदली शिक्षिका होत्या. घरी आल्यावर बूट काढायला सांगितलं, दोनदा. तिसऱ्यांदा सांगितल्यावर किंचाळली, कान झाकून जमिनीवर बसली. 40 मिनिटं. दिवा बंद करून एकटं सोडल्यावर शांत झाली. नंतर काय झालं ते तिला सांगता येईना." आधी काय घडलं, काय दिसलं, किती वेळ, कशाने थांबलं. कारणाचा अंदाज लिहू नका, ते काम तज्ज्ञांचं. चांगले दिवसही लिहा, सुट्टीतले तर नक्कीच, कारण शाळा नसताना लक्षणं निम्म्यावर येत असतील तर तीही मोठी माहिती आहे. सोबत तुम्ही पडद्याआड काय करता याची वेगळी यादी करा : आदल्या रात्री कपडे ठरवून ठेवणं, पाहुणे येणार हे तीन दिवस आधी सांगणं, दप्तर तुम्ही भरणं, मैत्रिणीच्या आईला फोन करून वेळ ठरवणं. ही यादी बहुतेक घरांत कुणी केलेलीच नसते, कारण ते सगळं आता सवयीचं झालेलं असतं. जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. शेरे वाचा : "हुशार पण वेंधळी", "मिसळत नाही", "काम अपुरं ठेवते". चार-पाच वर्षांच्या वयातले व्हिडिओ सापडले तर सोनं. कोसळण्याच्या प्रसंगाचं चित्रण मात्र तिच्या नकळत करून नातेवाइकांच्या गटात टाकू नका. तज्ज्ञांनी मागितलं तर तेवढ्यापुरतं करावं, दाखवावं आणि पुसून टाकावं.

निदान करू शकणारी माणसं म्हणजे विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. वाचादोषतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची भर पडली तर चित्र पुरं होतं. वेळ घेण्याआधी फोनवर विचारा : मास्किंग करणाऱ्या मुलींचं असेसमेंट तुम्ही किती वेळा केलंय? शाळेकडून माहिती घेता का? ऑटिझम, एडीएचडी आणि वाचन-लेखन-गणिताच्या अडचणी तिन्ही बघता का? एका भेटीत, अर्ध्या तासात, एकाच प्रश्नावलीवर "आहे" किंवा "नाही" सांगणाऱ्यांकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

साधारणपणे आधी पालकांची सविस्तर मुलाखत होते. त्यासाठी एडीआय-आर ही ठरावीक प्रश्नांची मुलाखत वापरली तर तिच्यात 93 प्रश्न असतात, दीड-दोन तास सहज जातात, आणि बरेच प्रश्न चार ते पाच वर्षांच्या वयाबद्दल असतात. मग एडॉस-2 ही चाचणी : 40 ते 60 मिनिटं तज्ज्ञ मुलीशी खेळतात, चित्रांवरून गोष्ट सांगायला लावतात, मैत्रीबद्दल विचारतात. बऱ्याच मुली इथेच निसटतात. समोर एकच मोठं माणूस, प्रेमाने बोलणारं, संभाषण पुढे नेणारं. याच परिस्थितीत तिचं पाठांतर सगळ्यात छान चालतं. गुण मर्यादेखाली आले म्हणजे ऑटिझम नाही असं ठरत नाही. सगळी माहिती एकत्र ठेवून निदान करायचं असतं, एका आकड्यावर नाही. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी घरी काय झालं ते नोंदवून तज्ज्ञांना लिहून कळवा. "तासभर तुमच्याशी हसत बोलली, घरी येऊन तीन तास झोपली, रात्री बोलली नाही", ही नोंद त्या चाचणीचाच उरलेला भाग आहे.

प्रश्नावल्या भरताना पालकांकडून होणाऱ्या दोन चुका निकाल पार बदलतात. वाइनलँडसारख्या रोजच्या कौशल्यांच्या प्रश्नावलीत ती आपणहून, कुणी आठवण न करता, सहसा काय करते ते विचारलेलं असतं. पालक मनात म्हणतात, "दात घासता येतात की तिला", आणि पूर्ण गुण देतात. रोज चारदा सांगावं लागतं हे त्यात येतच नाही. दुसरी चूक एडीएचडीच्या प्रश्नावल्यांत. व्हँडरबिल्ट या प्रश्नावलीत "कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, जवळजवळ नेहमी" असे चार पर्याय असतात आणि शेवटचे दोनच लक्षण म्हणून मोजले जातात. मुलीची तक्रार केल्यासारखं वाटतं म्हणून हात आखडून "कधीकधी" वर खूण केली की त्या प्रश्नाचा लक्षणांच्या मोजणीत शून्य होतो. तिच्या वयाच्या मुलींशी तुलना करा आणि जे आहे ते लिहा.

एडीएचडीच्या निदानासाठी दुर्लक्षाच्या नऊपैकी किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी किमान सहा लक्षणं, सहा महिने तरी, आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत. त्यांतली काही बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. 17 वर्षं आणि पुढच्या वयात पाच लक्षणं पुरतात. "एकाहून जास्त ठिकाणी" या अटीवर शाळेचं "काही तक्रार नाही" आड येतं. वर्गशिक्षिकेला नुसता फॉर्म पाठवण्याऐवजी नेमकं विचारा : सूचना सगळ्यांना दिल्यावर ती शेजारणीच्या वहीत बघून सुरुवात करते का? गटकाम असेल तर काय करते? मधल्या सुट्टीत कुठे असते? खेळाच्या तासाला? शिकवणी, छंदवर्ग आणि मैत्रिणींचं घर हीही वेगळी ठिकाणंच आहेत.

बुद्ध्यंकाची चाचणी असेल तर आकडा एकच बघू नका. सहा ते सोळा वयासाठीच्या विस्क-5 या चाचणीत पाच वेगळे निर्देशांक असतात आणि सरासरी 100 धरलेली असते. समजा भाषिक आकलन 130 आणि काम करण्याचा वेग 85. दोन्ही मिळून निघणारा आकडा "ठीकठाक" दिसतो आणि मुलीची हुशारीही लपते, अडचणही. परीक्षेत सगळं येत असून पेपर का सुटतो, हे त्या 85 मध्ये असतं. ही चाचणी शक्यतो सकाळी, झोप झालेली असताना आणि ती घरी बोलते त्या भाषेत व्हावी. आणि ती लगेच दुसरीकडे पुन्हा करू नका, सरावाने गुण फुगतात. आधीच्या रिपोर्टची प्रत सोबत न्या.

मुलीला काय सांगायचं? खरं सांगायचं. "तिथे नुसते खेळ आहेत" म्हटलं की पाचव्या मिनिटाला तिला कळतं, आणि तिचा विश्वास उडतो. सात-आठ वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं : "शाळेतून आल्यावर तू खूप दमतेस, ते आम्हाला दिसतं. तुला कशाने सोपं जाईल ते शोधायला आपण एका ताईंना भेटणार आहोत. त्या प्रश्न विचारतील, कोडी देतील. नापास होण्यासारखं काही नाही. दमलीस की थांबायला सांग." किती वेळ, कोण असेल, तुम्ही कुठे बसाल, हेही सांगा. निघताना "नीट बोल हं, डोळ्यांत बघून उत्तर दे" मात्र सांगू नका. मास्किंगची आठवण आपणच करून दिल्यासारखं होतं.

मुलाखतीत आईला किंवा बाबांना मध्येच थबकल्यासारखं होतं : हे तर माझंच बालपण. ऑटिझम आणि एडीएचडी दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. म्हणूनच घरातलं मोठं माणूस "आमच्याकडे सगळे असेच" म्हणून विषय संपवतं तेव्हा त्याला गप्प करण्यापेक्षा विचारा, तुमचं शाळेचं आयुष्य कसं गेलं? आलेलं उत्तर कौटुंबिक इतिहासात लिहिण्यासारखं असतं.

निदान "नाही" आलं तर लेखी कारण मागा : कोणता निकष पूर्ण झाला नाही आणि कशावरून. चिंताविकार एवढंच निदान असेल तर विचारा, चिंता कशामुळे? चिंता खरी असतेच, पण ती मुळावरची की परिणाम, हे कुणी बघितलंय का? एका ठिकाणचा निकाल पटला नाही तर दुसरं मत घेणं योग्यच. तोवर बदल थांबवायचे नाहीत. शाळेतून आल्यावर पाऊण तास प्रश्न नाहीत, सूचना नाहीत. शिवण नसलेले मोजे. कामाच्या पायऱ्या लिहून भिंतीवर. यासाठी कुणाच्या सहीची गरज नाही.

निदान "आहे" आलं तर रिपोर्टमधल्या शिफारशी नेमक्या आहेत ना ते बघा. "पाठिंबा द्यावा" या शिफारशीचं शाळा काही करू शकत नाही. "लेखी परीक्षेला जादा वेळ, सूचना लेखी, गोंगाटाच्या तासाला बाहेर पडायची ठरलेली खूण, गटात बसवताना ओळखीची एक मुलगी" याचं करू शकते. शाळेला पूर्ण रिपोर्ट देऊ नका, त्यात घरातल्या खासगी गोष्टी असतात. तज्ज्ञांकडून एका पानाचा सारांश घ्या आणि तो आधी मुलीला वाचून दाखवा. एखादं वाक्य तिला नको असेल तर काढायला सांगा. मैत्रिणींना सांगायचं की नाही हे तिने ठरवायचं, आणि आत्या-मावशीला सांगण्याआधीही तिला विचारायचं.